रक्तरसातील भेद शोधणारा शास्त्रज्ञ : आर्ने टिसेलियस

बोटास जखम झाली असता येणारे रक्त थोडे काचेच्या नळीत धरून ठेवले, तर काही वेळाने ते गोठते. लाल गुठळी आकसते आणि तिच्याभोवती फिकट पिवळसर, पारदर्शक असा द्रव उरतो. यास रक्तरस म्हणतात. पाहणाऱ्यास तो एकजिनसी दिसतो. त्यात थर नाहीत, गाळ नाही, रंगाचा भेद नाही. त्यात क्षार घालीत गेल्यास त्यातील प्रथिने टप्प्याटप्प्याने साकळून खाली बसतात व त्यांचे अल्ब्युमिन आणि ग्लोब्युलिन असे दोन भाग पाडता येतात, एवढे एकोणिसाव्या शतकातच कळले होते. परंतु हे भाग निसर्गाने केलेले आहेत की क्षाराचे प्रमाण कमीअधिक करून आपणच ते पाडले आहेत, याविषयी रसायनज्ञांत एकमत नव्हते. मूळ द्रव्यास अपाय न करता त्याचे घटक वेगळे करून दाखविणारे साधन जोवर हाती नव्हते, तोवर हा वाद मिटणे शक्यही नव्हते. ते साधन ज्यांनी दिले, आणि तेवढ्यावरच समाधान न मानता दुसरेही साधन तितक्याच निष्ठेने हाती धरले, त्या आर्ने टिसेलियस या स्वीडिश शास्त्रज्ञाचे चरित्र येथे सांगावयाचे आहे. प्रस्तुत लेखक कलाशाखेचा पदवीधर आहे. तेव्हा यातील रसायन साध्या मराठीत जितके उतरेल तितकेच येथे येईल. विज्ञानाची आवड असणाऱ्या विद्यार्थ्यांनी त्यापुढील भाग आपल्या विज्ञानशिक्षकांकडून अवश्य समजावून घ्यावा.

टिसेलियस यांचा जन्म १० ऑगस्ट १९०२ रोजी स्वीडनची राजधानी स्टॉकहोम येथे झाला. वडील गणिताचे पदवीधर असून एका विमा कंपनीत नोकरीस होते. आर्ने चार वर्षांचे असतानाच, १९०६ साली, वडील वारले. आईने मुलांसह पश्चिम किनाऱ्यावरील गॉथेनबर्ग या बंदराच्या शहरी बिऱ्हाड हलविले, कारण सासरची माणसे तेथे होती. पोरक्या मुलाच्या हालअपेष्टांचे रसभरित वर्णन करण्याची चरित्रलेखकांची जी रूढी आहे, तिचा अवलंब येथे करण्याचे कारण नाही. घर सुशिक्षित होते आणि मुलाचे शिक्षण नीट पार पडले. सांगण्याजोगी गोष्ट एवढीच की, गॉथेनबर्गच्या शाळेत रसायन व जीवशास्त्र शिकविणाऱ्या शिक्षकांनी या मुलाचा कल वेळीच ओळखला आणि त्यास शाळेच्या प्रयोगशाळेत मोकळेपणाने काम करू दिले. प्रयोगशाळेचे कुलूप मुलांसाठी उघडण्यास धैर्य लागते, हे शाळेत काम करणारा कोणीही मान्य करील. फुटलेल्या काचपात्रांचा हिशेब शेवटी शिक्षकासच द्यावा लागतो!

१९२१ साली टिसेलियस उप्साला येथील विद्यापीठात दाखल झाले. हे विद्यापीठ १४७७ साली स्थापन झालेले असून वनस्पतींच्या नामकरणाची पद्धती घालून देणारे लिनियस येथेच प्राध्यापक होते. टिसेलियस यांना तेथे ओढून नेणारे नाव मात्र थेओडोर स्वेडबर्ग यांचे होते. स्वेडबर्ग हे कलिलांचे, म्हणजे द्रवात अतिसूक्ष्म कणांच्या रूपाने तरंगत राहणाऱ्या पदार्थांचे, थोर अभ्यासक होते व १९२६ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. रसायन, भौतिकी व गणित हे विषय घेऊन टिसेलियस १९२४ साली पदवीधर झाले आणि पुढील वर्षी स्वेडबर्ग यांचे साहाय्यक म्हणून काम करू लागले. उप्सालाशी जडलेला त्यांचा हा संबंध मरेपर्यंत सुटला नाही.

स्वेडबर्ग यांनी त्या काळात एक अचाट यंत्र तयार केले होते. ताक घुसळताना रवी फिरते त्यापेक्षा सहस्रपट वेगाने ते द्रव फिरवी, आणि त्या वेगामुळे प्रथिनाचे अदृश्य कणदेखील आपापल्या वजनाप्रमाणे तळाकडे सरकत. जड कण लवकर, हलके उशिरा. या यंत्राच्या योगे प्रथिनांच्या रेणूंचे वजन काढता येऊ लागले. गुरूंनी तरुण शिष्याकडे निराळे काम सोपविले: वजनाऐवजी विजेच्या ओढीने प्रथिने कशी हलतात ते पाहावयाचे.

या क्रियेस इलेक्ट्रोफोरेसिस, मराठीत विद्युत्-संचारण, म्हणतात. तिचे तत्त्व अवघड नाही. पाण्यात विरघळलेल्या प्रथिनाच्या रेणूवर विद्युत्भार असतो. पाणी आम्लधर्मी आहे की अल्कधर्मी, यावर तो भार धन की ऋण व किती, हे ठरते. इंग्रजी यू अक्षराच्या आकाराच्या नळीत तळाशी प्रथिनाचा विद्राव घ्यावा, त्यावर दोन्ही भुजांत प्रथिनरहित स्वच्छ विद्राव हळूच सोडावा, म्हणजे दोहोंच्या मध्ये एक सीमारेषा तयार होते. आता नळीच्या दोन्ही टोकांस वीज जोडली की प्रथिने विरुद्ध भाराच्या टोकाकडे चालू लागतात व सीमारेषाही त्यांच्याबरोबर सरकते. सर्व रेणू एकाच जातीचे असतील तर रेषा एकच राहील; अनेक जातींचे असतील तर कोणी पुढे जाईल, कोणी मागे पडेल, आणि एका रेषेच्या अनेक रेषा होतील. विचार सरळ आहे. अडचण व्यवहारात होती. वीज वाहू लागली की द्रव तापतो. तापलेला द्रव वर चढतो, थंड खाली येतो. आणि त्या घुसळणीत ती नाजूक सीमारेषा पार विस्कटून जाते. शिवाय प्रथिने रंगहीन असल्याने रेषा दिसावी कशी, हाही प्रश्न होताच. टिसेलियस जंबुपार किरणांनी तिचे छायाचित्र घेत.

पाच वर्षांच्या परिश्रमानंतर १९३० च्या नोव्हेंबरमध्ये या विषयावरील प्रबंधास डॉक्टरची पदवी मिळाली. प्रबंधाची वाहवा झाली. त्याच वर्षी त्यांचा विवाहही झाला. परंतु प्रबंधाचा कर्ता मनातून असमाधानी होता. काही प्रथिने त्याच्या नळीत नीट चालत, आणि त्यांविषयी लिहिलेले सर्व बरोबर होते. रक्तरसातील ग्लोब्युलिनाचे मात्र कोडे सुटले नव्हते. स्वेडबर्ग यांच्या यंत्रात जे एकजिनसी दिसे, ते विजेच्या ओढीत तसे राहत नसे. सीमारेषा पसरट होई, पण तिचे स्वच्छ तुकडेही पडत नसत. येथे आपल्या घरातील सुपाची व चाळणीची आठवण होते. सुपात पाखडले असता वजनाने हलका कोंडा उडून जातो, पण दाणा आणि त्याच्याच वजनाचा खडा सुपात एकत्रच राहतात. सुपाने न्याय दिला म्हणून धान्य शुद्ध झाले, असे कोणतीही गृहिणी मानीत नाही. ती चाळणी घेते. वजनाच्या कसोटीस उतरलेले प्रथिन भाराच्या कसोटीस उतरत नाही, हे टिसेलियस यांच्या ध्यानी आले होते, परंतु त्यांची चाळणी अद्याप पुरेशी बारीक नव्हती.

यानंतरची चार-पाच वर्षे ते या प्रश्नापासून दूर राहिले. त्याला व्यावहारिक कारणही होते. जीवरसायन हा विषय त्या काळी उप्सालाच्या रसायन-अभ्यासक्रमात नव्हता, त्याचे अध्यासन तर नव्हतेच. तरुण अध्यापकास पुढे प्राध्यापकपद हवे असेल तर मान्यताप्राप्त शाखेत काम दाखविणे भाग होते. तेव्हा त्यांनी झिओलाइट नावाच्या खनिजांचा अभ्यास हाती घेतला. पुणे, नाशिक, जळगाव या भागांत काळ्या पाषाणात विहीर खणताना किंवा खाणी फोडताना पोकळ्यांतून शुभ्र, मोतिया वा फिकट गुलाबी स्फटिकांचे झुबके निघतात, त्यांत या वर्गातील खनिजे पुष्कळ असतात; जगभरच्या संग्रहालयांत दख्खनचे हे स्फटिक आहेत. त्यांचा चमत्कार असा की, तापविले असता त्यांतील पाणी निघून जाते, पण स्फटिक मोडत नाही. दमट हवेत ठेवले की पाणी पुन्हा आत शिरते. हे पाणी स्फटिकात किती वेगाने पसरते, ते टिसेलियस यांनी प्रकाशाच्या साहाय्याने मोजले. हे काम त्यांच्या मूळ विषयाहून अगदी वेगळे दिसते. परंतु घन पदार्थ आपल्या पृष्ठभागावर व सूक्ष्म छिद्रांत परक्या रेणूंना कसा धरून ठेवतो, या क्रियेची, म्हणजे अधिशोषणाची, जी जाण त्यांस येथे आली, ती पुढे अनपेक्षितपणे उपयोगी पडली.

१९३४ साली रॉकफेलर प्रतिष्ठानची शिष्यवृत्ती मिळून ते अमेरिकेत प्रिन्स्टन येथे ह्यू टेलर यांच्या प्रयोगशाळेत गेले. गेले होते ते झिओलाइटांसाठी. पण तेथे गाठी पडल्या त्या जीवरसायनातील धुरीणांशी. जॉन नॉर्थ्रप हे पाचक द्रव्यांचे स्फटिक करीत होते, आणि त्यांचे सहकारी वेंडेल स्टॅन्ली यांनी १९३५ मध्ये तंबाखूच्या पानावरील रोगाचा विषाणू स्फटिकरूपात वेगळा केला. या मंडळींच्या कामात एकच प्रश्न पुनःपुन्हा डोके वर काढी: आपण शुद्ध म्हणतो ते द्रव्य खरोखर शुद्ध आहे हे सिद्ध कसे करावयाचे? टिसेलियस यांस आपली जुनी नळी आठवली. ज्या साधनाविषयी आपण निराश होऊन बसलो, त्याचीच वाट इतके लोक पाहत आहेत, हे त्यांस या प्रवासात उमगले. १९३५ साली स्वदेशी परतल्यावर त्यांनी ते साधन मुळापासून नव्याने रचावयास घेतले.

या नव्या उपकरणाचे वर्णन थोडे विस्ताराने करणे योग्य होईल, कारण टिसेलियस यांची खरी प्रतिभा येथे दिसते. त्यांनी एकेक अडचण सुटी करून तिच्यावर उपाय योजला. गोल नळीऐवजी चपट्या, अरुंद चौकोनी छेदाची नळी घेतली, म्हणजे आत निर्माण होणारी उष्णता चटकन भिंतींतून बाहेर पडावी. नळीचे आडवे तुकडे करून, घासून गुळगुळीत केलेल्या काचेच्या पट्ट्यांवर ते एकमेकांवरून सरकतील असे बसविले; तुकडा सरकवून सीमारेषा सुरुवातीस अगदी रेखीव करता येई आणि प्रयोगाच्या शेवटी वेगळा झालेला भाग तसाच कापून घेता येई. तिसरा उपाय सर्वांत मनोज्ञ आहे. पाणी ४ अंश सेल्सिअस तापमानास सर्वांत जड असते, हे आपण भूगोलात व विज्ञानात शिकतो. थंड देशांतील तळी वरून गोठतात आणि तळाशी मासे जगतात ते यामुळेच. त्या तापमानाच्या आसपास पाणी किंचित तापले तरी त्याची घनता जवळजवळ बदलत नाही. मग तापलेला भाग वर चढण्याचे कारणच उरत नाही! टिसेलियस यांनी सारी नळी बर्फासारख्या थंड पाण्यात, या तापमानाच्या जवळ ठेवली. घुसळण थांबली, आणि पूर्वीपेक्षा पुष्कळ अधिक दाबाची वीज सोडता येऊ लागली. सीमारेषा पाहण्यासाठी त्यांनी भिंगांतील दोष शोधण्याची एक जुनी प्रकाशीय युक्ती वापरली. वैशाखात तापलेल्या रस्त्यावरची हवा थरथरताना दिसते, तिला रंग नसूनही दिसते. कारण कमीअधिक घनतेच्या थरांतून जाताना प्रकाश वाकतो. त्याचप्रमाणे रंगहीन प्रथिनांच्या सीमा छायाचित्रात गडद पट्ट्यांच्या रूपाने उमटल्या.

हा निबंध १९३७ साली लंडनच्या फॅरडे सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. घोड्याचा रक्तरस या उपकरणात घातला असता एक नव्हे, दोन नव्हे, चार सीमा वेगळ्या झाल्या. सर्वांत वेगाने अल्ब्युमिन पुढे गेले. त्यामागून तीन निरनिराळी ग्लोब्युलिने आली. टिसेलियस यांनी त्यांना ग्रीक वर्णमालेच्या क्रमाने आल्फा, बीटा व गॅमा अशी नावे दिली. ती नावे आजही टिकून आहेत. प्रथिनांच्या तपासणीसाठी रक्त दिले तर प्रयोगशाळेच्या अहवालात हीच तीन अक्षरे छापलेली आढळतात.

लवकरच एल्विन कबाट हा तरुण अमेरिकन संशोधक उप्सालास येऊन राहिला. रोगजंतूंशी लढणारी जी द्रव्ये रक्तात उत्पन्न होतात, त्यांस प्रतिपिंडे म्हणतात. ती रक्तरसाच्या कोणत्या भागात असतात हे त्या वेळी कोणास ठाऊक नव्हते. टिसेलियस व कबाट यांनी सशांना अंड्यातील अल्ब्युमिन वारंवार टोचून त्यांच्या रक्तात प्रतिपिंडे भरपूर वाढू दिली, आणि तो रक्तरस नळीत घातला. गॅमाचा भाग फुगलेला दिसला. मग त्याच रक्तरसात अंड्याचे अल्ब्युमिन मिसळून प्रतिपिंडे साकळून काढून टाकली व प्रयोग पुन्हा केला. गॅमाचा भाग तेवढा ओसरला होता, बाकीचे जेथल्या तेथे. १९३९ मध्ये हे काम प्रसिद्ध झाले. लसीमुळे आपल्या शरीरात ज्या प्रकारचे रक्षक तयार होतात, त्यांचा रक्तातील पत्ता असा प्रथम लागला. पुढे महायुद्धात जखमी सैनिकांसाठी मानवी रक्तद्रवाचे भाग वेगळे करण्याचे मोठे कार्य हार्वर्ड येथे एडविन कोन यांनी चालविले, तेव्हा प्रत्येक भाग कितपत शुद्ध आहे याची परीक्षा टिसेलियस यांच्याच पद्धतीने होत असे.

दरम्यान, ज्या अध्यासनासाठी त्यांस विषय सोडावा लागला होता, ते वेगळ्याच वाटेने आले. मेजर हर्बर्ट याकोब्सन व त्यांच्या पत्नी यांनी दिलेल्या देणगीतून १९३८ साली उप्साला येथे जीवरसायनाचे खास प्राध्यापकपद निर्माण झाले, आणि त्यावर टिसेलियस यांची नियुक्ती झाली.

येथे कोणी स्वस्थ बसला असता. टिसेलियस यांस मात्र आपल्या साधनाची मर्यादा इतरांहून अधिक ठाऊक होती. ज्यांचा विद्युत्भार व चाल सारखी, अशी दोन द्रव्ये कितीही थंड पाण्यात कितीही वेळ चालविली तरी वेगळी होणार नाहीत. शिवाय प्रथिने मोडून मिळणारे लहान तुकडे, म्हणजे पेप्टाइडे व ॲमिनो आम्ले, त्या नळीत नीट हाताळता येत नसत. तेव्हा ते दुसऱ्या एका पद्धतीकडे वळले. तिचे नाव क्रोमॅटोग्राफी, म्हणजेच वर्णलेखन.

वर्णलेखनाचे जनक मिखाईल त्स्वेट हे रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ होत. विसाव्या शतकाच्या प्रारंभी वॉर्सा येथे त्यांनी चुनखडीच्या भुकटीने भरलेल्या काचनळीत पानांचा हिरवा अर्क वरून ओतला, तेव्हा तो खाली उतरताना हिरव्या व पिवळ्या रंगांचे निरनिराळे पट्टे उमटले. त्स्वेट या शब्दाचा रशियन भाषेत अर्थच रंग असा आहे, हा एक मौजेचा योगायोग. या क्रियेचे मर्म आपल्या गोव्यातील जत्रेवरून सहज समजेल. देवळासमोरच्या रस्त्यावर दोन्ही बाजूंस खाज्याची, बांगड्यांची, खेळण्यांची दुकाने लागलेली असतात. दहा मुले एकदमच रस्त्याच्या एका टोकाकडून निघाली, तरी दुसऱ्या टोकास एकदम पोचत नाहीत. ज्यास दुकानांचा मोह कमी तो आधी पोचतो. जो प्रत्येक दुकानाशी रेंगाळतो तो दिवेलागणीस येतो. भुकटीचा प्रत्येक कण म्हणजे असे एक दुकान होय. ज्या द्रव्यास त्या कणांचे आकर्षण अधिक, ते मागे राहते. विद्यार्थ्यांना घरी करून पाहावयाचे असल्यास, पाण्यात विरघळणाऱ्या काळ्या शाईचे एक वर्तुळ खडूच्या तळापासून थोडे वर काढावे व खडू बशीभर पाण्यात उभा करावा. पाणी चढू लागले की काळ्यातून निळे, तांबडे, जांभळे असे जे जे आत असेल ते बाहेर पडते.

त्स्वेट यांचे पट्टे रंगीत होते म्हणून दिसले. टिसेलियस यांस ज्यांचे पृथक्करण करावयाचे होते ती द्रव्ये पाण्यासारखी रंगहीन. त्यांनी १९४० पासून युक्ती अशी केली की, स्तंभाकडे पाहण्याऐवजी स्तंभातून खाली पडणाऱ्या द्रवाकडे पाहावयाचे. त्या द्रवातून जाताना प्रकाश किती वाकतो, हे सतत मोजीत राहिले की कोणते द्रव्य केव्हा बाहेर आले, किती आले, हे आकड्यांत कळते. झिओलाइटांपासून मिळालेली अधिशोषणाची जाण आणि विद्युत्-संचारणात कमावलेली प्रकाशाची हातोटी, या दोहोंचा येथे संगम झाला. १९४३ साली त्यांनी आणखी एक पद्धत प्रचारात आणली: स्तंभास चिकटलेल्या द्रव्यांमागे त्यांच्याहून अधिक चिकट असे द्रव्य सोडावयाचे, म्हणजे ते पुढच्यांना एकामागून एक ढकलीत बाहेर काढते. जत्रेच्या दृष्टान्तात सांगावयाचे तर मागून पालखी आली की दुकानांपाशी रेंगाळणाऱ्यांस पुढे सरकावेच लागते.

१९४८ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विद्युत्-संचारण व अधिशोषण-विश्लेषण या दोन्हींवरील संशोधनासाठी, विशेषतः रक्तरसातील प्रथिनांच्या संमिश्र स्वरूपाच्या शोधासाठी, टिसेलियस यांस एकट्यांस देण्यात आले. त्याच वर्षी साहित्याचे पारितोषिक टी. एस. एलियट या कवीस मिळाले, हे वाङ्मयाच्या विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावे. आणि शांततेचे पारितोषिक त्या वर्षी, महात्माजींची हत्या झाल्यावर, कोणासच देण्यात आले नाही, हे सर्वांनीच.

पारितोषिकानंतर एका वर्षाच्या आतच या पद्धतीचे असे एक फळ हाती आले की ज्याचा संबंध आपल्या देशातील लक्षावधी घरांशी आहे. सिकल सेल नावाचा एक आनुवंशिक रक्तदोष आहे. त्यात तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि रुग्णास असह्य वेदना होतात. १९४९ साली अमेरिकेत लायनस पॉलिंग व त्यांचे सहकारी यांनी निरोगी माणसाचे आणि या रुग्णाचे हिमोग्लोबिन टिसेलियस यांच्या पद्धतीच्या उपकरणात चालवून पाहिले. दोहोंची चाल वेगळी होती! ज्यांच्यात दोष अर्धा उतरला होता, त्यांच्या रक्तात दोन्ही प्रकार मिसळलेले आढळले. रोगाचे मूळ एका रेणूच्या घडणीत आहे, असे जगात प्रथमच सिद्ध झाले. परंतु रेणूत नेमके काय बदलले आहे, हे केवळ विजेने कळेना.

ते कळले दोन्ही पद्धतींची सांगड घातल्यावर. १९५६ मध्ये केंब्रिज येथे व्हर्नन इन्ग्रॅम यांनी हिमोग्लोबिनाचे एका पाचक द्रव्याने तुकडे केले. त्यांचा थेंब ओलसर कागदाच्या कडेवर ठेवून प्रथम वीज सोडली. तुकडे आपापल्या भाराप्रमाणे एका दिशेस पांगले. मग तोच कागद काटकोनात फिरवून त्यावर वर्णलेखन केले. विजेने जे एकत्र राहिले होते ते या दुसऱ्या दिशेस पांगले. शेवटी रंगद्रव्य फवारताच कागदावर तीसेक ठिपक्यांची नक्षी उमटली. आधी सूप, मग चाळणी, असाच हा प्रकार होता. निरोगी व रोगी हिमोग्लोबिनाचे दोन कागद शेजारी ठेवले तेव्हा सारे ठिपके जुळले, एक तेवढा जागचा हलला होता. तो ठिपका कापून पुढील तपास केल्यावर १९५७ साली निश्चित झाले की, रेणूच्या अर्ध्या भागातील सुमारे तीनशे ॲमिनो आम्लांपैकी ग्लुटामिक आम्लाच्या एका जागी व्हॅलिन येऊन बसले आहे. ग्लुटामिक आम्लावर ऋण भार असतो, व्हॅलिनावर नसतो. पॉलिंग यांच्या नळीत चाल बदलली होती ती यामुळे. एवढ्याशा फरकाने मूल जन्मभर वेदना सोसते, हे वाचून मन थक्क होते.

महाराष्ट्रात गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, नागपूर आदी पूर्वेकडील जिल्ह्यांत व नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यात हा दोष मोठ्या प्रमाणावर आढळतो. २०२३ साली मध्य प्रदेशातील शहडोल येथून केंद्र शासनाने त्याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली. तेथील मुलांचे रक्त तपासावयास जाते तेव्हा निदान निश्चित करणाऱ्या चाचण्या मुख्यतः दोन असतात: एक विद्युत्-संचारणाची, दुसरी उच्च दाबाखाली चालणाऱ्या द्रव-वर्णलेखनाची. आईवडील दोघेही अर्ध्या दोषाचे वाहक आहेत, हे वेळीच कळले तर होणाऱ्या अपत्याविषयी सावध राहता येते.

उप्साला येथे टिसेलियस यांच्याभोवती शिष्यांचा मोठा परिवार जमला. नव्या वर्णलेखनपद्धतींचे एक प्रवर्तक रिचर्ड सिंज हे इंग्लंडातून येऊन १९४६-४७ मध्ये त्यांच्याकडे काही महिने राहिले होते. पुढे १९५२ साली त्यांसही नोबेल पारितोषिक मिळाले. येर्कर पोरात हे शिष्य विद्युत्-संचारणासाठी स्तंभात भरावयास योग्य पदार्थ शोधीत असताना, पेअर फ्लोडिन यांच्यासह, वीज नसतानाही रेणूंना लहानमोठे असे निवडणारी एक जेली त्यांना सापडली. १९५९ साली त्यांनी ती पद्धत प्रसिद्ध केली, आणि तिने जगातील प्रयोगशाळांचे काम कितीतरी सोपे केले. एका वाटेवरून निघालेला संशोधक दुसऱ्या वाटेवर पोचला, कारण त्या प्रयोगशाळेत दोन्ही वाटा एकाच अंगणातून जात होत्या. स्टेलान येर्टेन यांनी १९६७ साली संथपणे फिरणाऱ्या अरुंद नळीत विद्युत्-संचारण करून दाखविले, ते येथील परंपरेतूनच.

स्वतः टिसेलियस यांच्यावर मात्र सभा-समित्यांचा भार वाढत गेला. शुद्ध व उपयोजित रसायनाच्या आंतरराष्ट्रीय संघाचे ते १९५१ ते १९५५ अध्यक्ष होते. १९६० ते १९६४ नोबेल प्रतिष्ठानचे अध्यक्षपद त्यांच्याकडे होते. प्रयोगशाळेतून असा माणूस सभागृहात गेला की विज्ञानाचे नुकसान होते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. तथापि ते गेले नसते तर त्यांच्या देशातील तरुणांस संशोधनासाठी मिळालेले साहाय्य इतक्या सुबुद्धपणे वाटले गेले असते की नाही, हेही सांगवत नाही. स्वभावाने ते शांत होते. पक्षिनिरीक्षण व रानोमाळ भटकणे हा त्यांचा आवडता विरंगुळा. उत्तरायुष्यात त्यांस एका विचाराने घेरले होते: विज्ञान वस्तुस्थिती सांगते, पण त्या ज्ञानाचे काय करावयाचे हे कोण सांगणार? अणुबाँबनंतरच्या पिढीस हा प्रश्न टाळता येण्यासारखा नव्हता. १९६९ च्या सप्टेंबरात स्टॉकहोम येथे नोबेल प्रतिष्ठानच्या वतीने या विषयावर परिसंवाद भरला, तो घडवून आणण्यात व त्याचा ग्रंथ संपादण्यात त्यांचा मुख्य हात होता. त्यापूर्वीच, १९६८ मध्ये, ते प्राध्यापकपदावरून निवृत्त झाले होते.

निवृत्तीनंतरही कामाचा व्याप कमी झाला नाही. २९ ऑक्टोबर १९७१ रोजी हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. त्या वेळी त्यांचे वय एकोणसत्तर वर्षांचे होते.